वापरलेल्या खाद्यतेलातील फॉस्फरस आणि लोह गाळणीतून निसटते, ते कशामुळे?

हायड्रोट्रीटरवरचा:

नमस्कार. मी एका रिफायनरीत डिझेल हायड्रोट्रीटरवर, म्हणजे डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते शुद्ध करणाऱ्या युनिटवर, प्रक्रिया अभियंता म्हणून काम करतो. खनिज डिझेलच्या प्रवाहात पाच टक्क्यांपर्यंत वापरलेले खाद्यतेल मिसळून दोहोंवर एकत्रच हायड्रोजनची प्रक्रिया करण्याची चाचणी आमच्याकडे सुरू आहे. युनिट दिवसाला सुमारे ३,००० टन चालते, म्हणजे खाद्यतेलाचा वाटा फार तर १५० टन. तेल टँकरने येते आणि ते फरसाणाच्या कारखान्यांतले, हॉटेलांतले व मोठ्या स्वयंपाकघरांतले असे सरमिसळ असते. टँकर रिकामा करताना आधी जाड जाळी, मग २५ मायक्रॉनच्या पिशव्या, त्यानंतर कार्बन पोलादाची साठवण टाकी (आतल्या वाफेच्या नळ्यांनी ७० अंश सेल्सिअसवर ठेवलेली) आणि शेवटी फीड पंपाआधी १० मायक्रॉनची कार्ट्रिज, अशी आमची रचना आहे.

कार्ट्रिजमधून बाहेर पडणारे तेल दिसायला स्वच्छ असते. काचेच्या नळीत धरले तर तळाला काहीही बसत नाही. तरीही प्रयोगशाळेच्या अहवालात त्याच तेलात फॉस्फरस १८ पीपीएम (दहा लाखांत १८ भाग), लोह ९, सोडियम १४ आणि एकूण क्लोरीन ४० पीपीएम दिसते. उत्प्रेरक पुरवठादाराने आम्हाला फॉस्फरस ३ पीपीएमच्या आत आणि सगळे धातू मिळून ५ पीपीएमच्या आत ठेवण्याची अट घातली होती. सहा आठवड्यांत रिअ‍ॅक्टरच्या पहिल्या बेडवरचा (उत्प्रेरकाच्या गोळ्यांच्या थरावरचा) दाबफरक दुप्पट झाला आहे.

वरिष्ठांच्या सांगण्यावरून आम्ही १० मायक्रॉनऐवजी ५ आणि मग १ मायक्रॉनची कार्ट्रिज लावून पाहिली. १ मायक्रॉनची कार्ट्रिज दीड दिवसात तुंबली आणि फॉस्फरस मात्र १८ चा जेमतेम १७ झाला. आता याहून बारीक गाळणी घ्यावी, की गाळणीचा प्रकारच बदलावा, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

तेलघाणा:

माझे सारे आयुष्य सोयाबीन आणि सरकीच्या तेलाच्या शुद्धीकरणात गेले, हायड्रोट्रीटर मी लांबूनच पाहिलेला आहे. त्यामुळे माझे उत्तर तेलाच्या बाजूचे समजावे.

मिठाचे पाणी कितीही बारीक फडक्यातून गाळले तरी खारटच राहते. आपली अडचण नेमकी हीच आहे. गाळणी तेलात तरंगणारे कण अडवते, तेलात विरघळलेले किंवा तेलाशी एकजीव झालेले काहीही ती अडवत नाही. तेलातला फॉस्फरस हा प्रामुख्याने फॉस्फोलिपिडांच्या, म्हणजे आम्ही ज्याला डिंक म्हणतो त्याच्या रूपाने असतो. या रेणूचे एक टोक तेलात रमणारे आणि दुसरे पाण्याकडे ओढ घेणारे असते, त्यामुळे कोरड्या गरम तेलात तो निवांत मिसळून राहतो आणि मायक्रॉनच्या कोणत्याही आकड्याला दाद देत नाही. ढोबळ हिशेब सांगायचा तर फॉस्फरसच्या आकड्याला २५ ते ३० ने गुणले की डिंकाचा आकडा मिळतो. आपल्या १८ पीपीएमचा अर्थ तेलात सुमारे ५०० पीपीएम डिंक आहे.

त्यातच थोडा ओलावा असला की हा डिंक फुगून चिकट, मऊ गोळ्यांच्या रूपात बाहेर येतो. आपली १ मायक्रॉनची कार्ट्रिज बहुधा त्यानेच तुंबली. गंजाचा कण कठीण असतो, तो छिद्रावर अडकून बसतो. डिंकाचा गोळा दाब वाढला की लांबट होऊन छिद्रातून पलीकडे सरकतो. म्हणून कार्ट्रिजवरचा दाबफरक वाढत जातो आणि पलीकडचे तेल मात्र तेवढेच अशुद्ध राहते. बारीक गाळणी घेतल्याने आपला कार्ट्रिजवरचा खर्च वाढेल, याहून अधिक काही होणार नाही.

खाद्यतेलाच्या धंद्यात जी सारी कसब आहे, ती विरघळलेल्या घाणीला आधी घन रूप देण्यात आणि मगच गाळण्यात आहे. कच्च्या सोयाबीन तेलात फॉस्फरस कित्येक शे पीपीएम असतो. त्यात दोन-तीन टक्के गरम पाणी घातले की पाणी शोषणारा डिंक फुगतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळा होतो. जो डिंक कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला धरून बसलेला असतो तो मात्र नुसत्या पाण्याला बधत नाही. त्यासाठी फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल घालून, जोराने घुसळून, आधी तो धातू सोडवून घ्यावा लागतो. आपल्यासाठी सायट्रिकच बरे. फॉस्फरस काढायला आलेल्या माणसाने फॉस्फोरिक आम्ल ओतावे आणि ते नीट धुतले जाऊ नये, असा प्रकार मी एका कारखान्यात पाहिलेला आहे.

यानंतर आम्लाने सक्रिय केलेली बेंटोनाइट माती येते. कच्छची माती आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांना ठाऊक आहे. निर्वात भांड्यात ९० ते ११० अंशांवर अर्धा तास ही माती तेलात फिरवली की उरलेला डिंक, साबण (मेदाम्ल आणि धातू मिळून झालेला), धातू आणि हरितद्रव्य तिच्या पृष्ठभागाला चिकटतात. आता ती घाण मातीच्या कणावर बसली आहे, आणि मातीचा कण गाळता येतो. साबण अधिक असेल तर मातीच्या आधी सिलिका जेल घालावी, नाहीतर साबण मातीची ताकद खाऊन टाकतो. सिलिका घालताना तेलात किंचित ओल हवी आणि मातीनंतर तेल कोरडे झालेले हवे. हा क्रम चुकला की दोन्हींचे पैसे पाण्यात.

गाळण्यासाठी जो प्रेशर लीफ फिल्टर वापरतात त्याबद्दल रिफायनरीतल्या मंडळींचा एक गैरसमज हमखास असतो. त्याच्या पानांवरची, म्हणजे आतल्या चपट्या चौकटींवरची, पोलादी जाळी २४ बाय ११० मेशची (इंचाला तेवढ्या तारांची) असते आणि तिची छिद्रे मातीच्या बारीक कणापेक्षा मोठी असतात. गाळण्याचे काम जाळी करत नाही, जाळीवर बसलेला मातीचा थरच करतो. म्हणून सुरुवातीची काही मिनिटे गढूळ तेल येते, ते पुन्हा भांड्यात फिरवायचे असते आणि काचेतून चकचकीत तेल दिसू लागल्यावरच पुढे सोडायचे असते. पुढच्या ५ किंवा १० मायक्रॉनच्या पिशव्या फक्त जाळी फाटली तर घात होऊ नये म्हणून असतात.

खरेदीला लागण्याआधी एक सोपी चाचणी करावी. पंपाजवळचा नमुना ७० अंशांवर गरम करून ०.४५ मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून गाळावा आणि गाळण्याआधीचे व नंतरचे धातूंचे आकडे शेजारी ठेवावेत. जेवढा आकडा खाली येईल तेवढाच भाग गाळणीच्या आवाक्यातला आहे. दुसरा नमुना गरम पाण्याने नीट धुऊन पुन्हा तपासावा. सोडियम आणि क्लोरीन किती उतरते ते पाहावे. या दोन चाचण्यांवाचून कोणी गाळणी विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

उत्तरसमुद्र:

मी युरोपात शंभर टक्के जैव कच्च्या मालावर चालणाऱ्या एका डिझेल प्रकल्पात काम करतो. तेलघाणा यांनी जे लिहिले त्यात भर घालण्याआधी एक फरक नोंदवतो. खाद्यतेलवाले मुक्त मेदाम्ले कॉस्टिक सोड्याने साबण करून काढून टाकतात, कारण माणसाला खवट तेल चालत नाही. हायड्रोट्रीटरला ते चालते. मेदाम्लातील ऑक्सिजन हायड्रोजनने निघून जातो आणि मागे पॅराफिनची साखळी उरते, म्हणजे ते आपले उत्पादनच आहे. त्यामुळे खाद्यतेलाच्या कारखान्याची योजना जशीच्या तशी उचलू नये. न्यूट्रलायझर (मेदाम्ले काढणारा) आणि डिओडोरायझर (तेल खूप तापवून वास काढणारा) आपल्या कामाचे नाहीत. आपल्याला हवी आहे ती धुलाई, सिलिका, माती आणि गाळप.

आता रिअ‍ॅक्टरमध्ये काय घडते ते पाहू. आपल्याच आकड्यांवरून हिशेब करा: दिवसाला १५० टन तेल आणि १८ पीपीएम फॉस्फरस, म्हणजे रोज २.७ किलो. बेचाळीस दिवसांत ११३ किलो फॉस्फरस आत गेला आणि फॉस्फेटच्या रूपात त्याचे वजन तिप्पट धरावे लागते. हा सारा माल पहिल्या बेडच्या वरच्या थरात बसतो, कारण फॉस्फोलिपिड तापताच तुटते. त्यातून निघालेले फॉस्फोरिक आम्ल कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमशी फॉस्फेट बनवून उत्प्रेरकाच्या गोळ्यांमधली पोकळी भरते आणि शिवाय तेलाच्या असंतृप्त साखळ्यांचे बहुलीकरणही घडवते. दोन्ही मिळून वर पापुद्रा धरतो. बेड उघडल्यावर तो कुदळीने फोडावा लागतो, हे अतिशयोक्तीने म्हणत नाही.

मला मात्र आपल्या अहवालात फॉस्फरसपेक्षा लोहाचा ९ पीपीएमचा आकडा अधिक खटकला. कढईतून आणि पत्र्याच्या डब्यांतून थोडे लोह येते हे खरे, पण आपण कार्बन पोलादाच्या टाकीत ७० अंशांवर आम्लधर्मी तेल साठवत आहात. मुक्त मेदाम्ले पोलाद हळूहळू खातात आणि लोहाचा साबण तयार होतो. हा साबण तेलात विरघळलेला असतो, म्हणून तेल स्वच्छ दिसते. रिअ‍ॅक्टरमध्ये गेल्यावर उष्णतेने तो तुटतो, हायड्रोजन सल्फाइडशी संयोग पावून लोह सल्फाइडचे अतिबारीक कण होतात आणि गोळ्यांच्या मधल्या जागेत ते साचतात. रोज १.३५ किलो लोह, सहा आठवड्यांत ५७ किलो, आणि सल्फाइड म्हणून सुमारे ९० किलो. आपल्या खनिज फीडमध्ये गंधक भरपूर असल्यामुळे हायड्रोजन सल्फाइडला तोटा नाही. थोडक्यात, आपली घाण गाळणीनंतर तयार होत असावी. टँकरच्या तोंडाशी आणि पंपाजवळ अशा दोन्ही ठिकाणी लोह मोजून पाहा.

क्लोरीनचे दुखणे वेगळ्या ठिकाणी दिसते. रिअ‍ॅक्टरमध्ये त्याचे हायड्रोजन क्लोराइड होते, तेलातील प्रथिनांच्या नायट्रोजनपासून आणि खनिज फीडमधल्या नायट्रोजनपासून अमोनिया होतो, आणि बाहेरचा प्रवाह थंड होताना अमोनियम क्लोराइडचे क्षार उष्णता देवघेव करणाऱ्या एक्स्चेंजरच्या नळ्यांत धरतात. खाद्यतेलात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्याचा मोठा भाग पाणी होऊन निघतो, आणि त्या पाण्यात विरघळलेले क्लोराइड ऑस्टेनिटिक स्टेनलेस पोलादाला भेगा पाडते. मूळ डिझेलसाठी आखलेल्या युनिटने एवढे पाणी कधी पाहिलेले नसते.

पूर्वप्रक्रियेचे महत्त्व या उद्योगाला टप्प्याटप्प्याने कळत गेले, असे मला वाटते. नेस्टे या फिनिश कंपनीने २००७ मध्ये फिनलंडच्या पोर्वो येथे जैव कच्च्या मालापासून डिझेल करणारे आपले पहिले युनिट सुरू केले. एनी या इटालियन कंपनीने २०१४ मध्ये व्हेनिसजवळची पोर्तो मार्गेरा ही खनिज तेलाची रिफायनरी जैव कच्च्या मालाकडे वळवली आणि २०१९ मध्ये सिसिलीतील जेला येथेही तेच केले. जेला येथे कच्च्या मालाची पूर्वप्रक्रिया करणारे स्वतंत्र युनिट मात्र २०२१ मध्ये आले. आधी शुद्ध केलेले पामतेल विकत घेता येत होते तोवर घाणीचा प्रश्न दुसऱ्याच्या अंगणात सुटत होता. वापरलेले तेल आणि चरबी घ्यायची म्हटल्यावर तो आपल्या अंगणात आला.

हायड्रोट्रीटरवरचा:

दोघांचेही मनापासून आभार. सुचवलेल्या चाचण्या केल्या आणि निकाल डोळे उघडणारे आहेत.

०.४५ मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून गाळल्यावर फॉस्फरस १८ वरून ११ वर आला. म्हणजे काही भाग फुगलेल्या डिंकाच्या आणि बेसनाच्या भुकटीच्या रूपात होता, पण मोठा भाग विरघळलेलाच आहे. लोह ९ चे ९ च राहिले. टँकरमधून घेतलेल्या चार नमुन्यांत लोह २ ते ३ पीपीएमच्या दरम्यान आहे, त्यामुळे उत्तरसमुद्र यांचा संशय खरा ठरला. उरलेले लोह आमच्याच टाकीतून येते. मुक्त मेदाम्लांचे प्रमाण सरासरी साडेपाच टक्के आहे आणि चाचणी अधूनमधून थांबत असल्याने तेल टाकीत कधी कधी तीन-तीन आठवडे पडून राहिले होते.

गरम पाण्याने धुतल्यावर सोडियम १४ वरून २ वर आला आणि क्लोरीन ४० वरून २२ वर. हे उरलेले २२ कोठले, ते मला कळले नाही.

दुसरे असे की आमच्यापासून दोन तासांच्या अंतरावर सोयाबीन तेल शुद्ध करणारा एक कारखाना आहे आणि हंगाम संपला की त्याचा ब्लीचिंग (मातीने तेल साफ करण्याचा) विभाग बराच काळ रिकामा असतो. आमचे तेल तेथे धुऊन, गाळून आणण्याचा विचार व्यवस्थापनात पुढे आला आहे. स्वतःचा विभाग उभारण्यापेक्षा ते स्वस्त पडेल असे वाटते.

तेलघाणा:

शेवटच्या मुद्द्यावर मी स्पष्ट बोलतो: तसे करू नये, आणि कोणताही जबाबदार खाद्यतेल कारखाना त्याला तयार होऊ नये. वापरलेले तेल पुन्हा खाण्यात येऊ नये यासाठीच भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांवर (तेल पुन्हा पुन्हा तापल्याने होणाऱ्या संयुगांवर) २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि असे तेल गोळा करून इंधनाकडे वळवण्याची योजना आणली. ज्या नळ्यांतून, पंपांतून आणि फिल्टरमधून सोयाबीन तेल पिशव्यांत भरले जाते, त्याच नळ्यांतून हॉटेलचे जळके तेल फिरवले तर त्या योजनेचा हेतूच उलटा होतो. लीफ फिल्टरच्या पानांत, भांड्याच्या तळाशी, उष्णता परत मिळवणाऱ्या एक्स्चेंजरमध्ये किती तेल मागे राहते हे ज्याने हाताने साफ केले आहे त्याला विचारावे. कारखाना जागा आणि वाफ देणार असेल आणि लाइन पूर्णपणे वेगळी, वेगळ्या टाक्यांसह असेल, तर गोष्ट निराळी. पण मग स्वस्ताईचा मुद्दा राहत नाही.

आपले आकडे पाहता फार मोठा विभाग लागेल असेही नाही. वापरलेले तेल मूळचे बहुधा शुद्ध केलेलेच असते, त्यामुळे कच्च्या सोयाबीन तेलाइतका डिंक त्यात नसतो. जो आहे तो अंडी, मांस, मासळी आणि पिठातून उतरलेला. सायट्रिक आम्ल घातलेल्या गरम पाण्याने धुलाई आणि सेंट्रिफ्यूज, मग सिलिका व माती मिळून एक टक्क्याच्या आसपास, मग वाळवणे आणि लीफ फिल्टर, एवढ्यावर फॉस्फरस ३ च्या आत यायला हरकत नाही. धुलाई वाळवण्याच्या आधीच करावी. मीठ तेलात विरघळत नाही, ओलाव्यात विरघळलेले असते. आधी तेल वाळवले तर तेच मीठ अतिबारीक स्फटिक होऊन तेलात विखुरते आणि मग ते ना धुलाईत नीट सापडते ना गाळणीत. फरसाणवाल्यांचे तेल असेल तर हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा.

तेलाची घट धरायला विसरू नये. रोज १०० टन तेलाला एक टन माती लावली आणि वापरलेल्या मातीत २५ टक्के तेल राहिले, तर रोज टनाचा एक तृतीयांश तेल मातीबरोबर जाते. हिशेबनीसाला हा आकडा आधीच सांगितला म्हणजे नंतर वाद होत नाहीत.

गाळकाम:

मी फिल्टरांच्या देखभालीत आहे, म्हणून वर ज्याचा उल्लेख झाला नाही तेवढेच लिहितो. पण त्यातला पहिला मुद्दा थोडा विस्ताराने लिहावा लागेल, कारण त्यात मी स्वतः पोळलो आहे.

वापरलेली ब्लीचिंग माती आपोआप पेट घेते. मातीच्या अफाट पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर पसरलेला असतो, हवा लागताच असंतृप्त तेलाचे ऑक्सिडीकरण सुरू होते, उष्णता बाहेर पडते आणि ढीग मोठा असेल तर ती उष्णता आतच कोंडते. सोयाबीनसारख्या तेलात हे फार लवकर होते. मी ज्या कारखान्यात होतो तेथे संध्याकाळी झाडलेली माती शेडमध्ये पोत्यांच्या शेजारी ढीग करून ठेवली होती. रात्री दोनच्या सुमारास सुरक्षारक्षकाला धूर दिसला. वरून ढीग काळवंडलेला आणि आत निखारा. बाहेरून कोणी काडी लावलेली नव्हती. तेव्हापासून माती झाडण्याआधी फिल्टरमध्येच वाफ किंवा नायट्रोजन फुंकून तेल जितके कमी होईल तितके करायचे, खाली पडताच ती पाण्याने भिजवायची, पातळ थरात ठेवायची आणि त्याच दिवशी बाहेर काढायची, हा आमचा नियम झाला. रिफायनरीच्या आवारात, हायड्रोकार्बनच्या टाक्यांच्या शेजारी हा विभाग आणताना मातीची जागा आराखड्यात सगळ्यात आधी ठरवावी. बहुतेक आराखड्यांत ती सगळ्यात शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात ठरते.

दुसरे म्हणजे पिशव्यांचा धागा. टँकरजवळच्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतील आणि तेल ९० अंशांवर येत असेल तर त्या मऊ पडतात, शिवणीपाशी ताणतात आणि बाजूने तेल निसटते. पॉलिएस्टरच्या पिशव्या याहून बऱ्याच अधिक तापमानाला टिकतात.

तिसरे, आपण पुढे चरबी घेणार असाल तर पॉलिइथिलीनची काळजी घ्यावी. मांसाच्या वेष्टनाचे आणि जनावरांच्या कानांतल्या बिल्ल्यांचे प्लास्टिक चरबी वितळवताना तिच्याबरोबर जाते. शंभर अंशांच्या वर ते चरबीत विरघळते आणि कोणत्याही पिशवीतून आरपार जाते. पुढे प्रवाह जेथे थंड होतो तेथे ते पुन्हा बाहेर येऊन चिकटते. त्यामुळे ते काढायचे तर चरबी पातळ राहील पण प्लास्टिक घन राहील अशा ६० ते ८० अंशांच्या पट्ट्यात, फिल्टर एडच्या (गाळायला मदत करणाऱ्या भुकटीच्या) थरावर गाळावे लागते. फार थंड केले तर चरबीच गोठून गाळणी तुंबते आणि लोक उगाच घाणीला दोष देतात. तेलघाणा यांचे ब्लीचिंग १०० अंशांवर चालते, म्हणून हे गाळप त्याच्या आधी किंवा थंड करून नंतर, वेगळेच करावे लागेल.

उत्तरसमुद्र:

उरलेल्या २२ पीपीएम क्लोरीनबद्दल. ते मीठ नाही, ते सेंद्रिय क्लोरीन आहे. खाद्यतेल शुद्ध करताना डिओडोरायझरच्या उच्च तापमानाला, क्लोराइडच्या सान्निध्यात, ग्लिसरॉलच्या साखळीवर क्लोरीन बसून क्लोरोप्रोपेनडायॉलची एस्टरे तयार होतात, आणि खारट पदार्थ तळतानाही त्यांत भर पडते. ती तेलातच विरघळलेली असतात, पाण्याने धुतली जात नाहीत आणि मातीही त्यांना फारशी धरत नाही. गाळणीने सुटणारा हा प्रश्न नाही, असे आधीच मान्य केले तर पुष्कळ वेळ वाचेल. त्यावर आमच्याकडे तीन गोष्टी करतात: पुरवठादारागणिक क्लोरीन मोजून अधिक क्लोरीनचा माल कमी क्लोरीनच्या मालात मिसळतात, रिअ‍ॅक्टरनंतरच्या कूलरआधी धुण्याचे पाणी पुरेसे देतात, आणि जेथे पाणी पहिल्यांदा द्रवरूप होते तेथील धातू त्याला साजेसा निवडतात. पाच टक्के मिश्रणात आपल्या एकूण फीडमधले क्लोरीन एक-दोन पीपीएमच राहील, पण जुन्या युनिटमध्ये मूळ आराखडा शून्य क्लोरीन धरून केलेला असू शकतो. क्षरण अभियंत्याला यात आत्ताच सामील करून घ्यावे.

गार्ड बेड (मुख्य उत्प्रेरकाआधी घाण धरून ठेवणारा थर) वाढवून पूर्वप्रक्रिया टाळण्याचा सल्लाही आपल्याला कोणीतरी देईल. पोकळ कड्यांचे, मोठ्या रंध्रांचे थर वरती घालणे योग्यच आहे आणि ते कराच. पण त्यांची धारणशक्ती किलोंत मोजायची असते. रोज पावणेतीन किलो फॉस्फरस आणि सव्वा किलोहून अधिक लोह आत जात असेल तर गार्ड बेडने फक्त तारीख पुढे ढकलली जाते. तेच ३ पीपीएम फॉस्फरस आणि १ पीपीएम लोह असेल तर रोज अर्ध्या किलोपेक्षा थोडा कमी फॉस्फरस आणि १५० ग्रॅम लोह, आणि मग तोच गार्ड बेड पुढच्या नियोजित बंदपर्यंत साथ देऊ शकतो.

हायड्रोट्रीटरवरचा:

समजले. कार्ट्रिजची नवी मागणी मी आज मागे घेतली. पूर्वप्रक्रियेचा विभाग होईपर्यंत चाचणी थांबवावी असे मी लेखी कळवले आहे. चाचणी चालूच ठेवायची असेल तर निदान साठा कमीत कमी दिवस राहावा, टाकीवर नायट्रोजन द्यावा आणि तापमान ७० वरून तेल वाहते राहील इतके, म्हणजे ५० च्या आसपास आणावे, असे सुचवले आहे. टाकीला आतून अस्तर लावणे की स्टेनलेसची छोटी टाकी घेणे, हे अजून ठरायचे आहे.

एक शंका राहते. पंपाची ओढ टाकीच्या तळापासून अर्ध्या मीटरवर आहे. तळातला साका आणि पाणी आम्ही आजवर महिन्यातून एकदाच काढत होतो.

तेलघाणा:

रोज काढा. तेलातले पाणी, फुगलेला डिंक आणि पोलाद खाणारे आम्ल हे तिघे त्या साक्यातच एकत्र नांदतात, आणि टँकर ओतताना तळ ढवळला की ते सगळे एका दमात आपल्या पंपाकडे येते. टँकर आल्यावर निदान आठ तास टाकी शांत ठेवून, तळ सोडून मगच ओढ सुरू करावी. शक्य असेल तर टँकर घ्यायची टाकी वेगळी आणि पंपाला तेल देणारी टाकी वेगळी ठेवा. आपली १ मायक्रॉनची कार्ट्रिज ज्या दिवशी तुंबली त्या दिवशी टँकर किती वाजता रिकामा झाला होता, तेही नोंदवहीत एकदा पाहून घ्या.